खोपोली पायथ्याशी असताना पुण्याची गाडी पळसदरीहूनच घाट का चढते?

आपण विचारले आहे की खोपोली स्थानक घाटाच्या अगदी पायथ्याशी असूनही मुंबई–पुणे लोहमार्ग तेथून वर का जात नाही, घाटात पूर्वी असलेले ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ नेमके काय होते, आणि इतकी ताकदवान विद्युत इंजिने आल्यानंतरही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, का लावावी लागतात. हे तीन प्रश्न वेगळे दिसत असले तरी तिघांचे मूळ एकाच आकड्यात आहे. बोरघाटातील सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर वर गेलेली असते. माझी रेल्वेतील नोकरी रूळमार्गाच्या देखभालीत झाली आणि तिच्यातील बरीच वर्षे या घाटात गेली. त्या अनुभवावरून मी एवढे निश्चित सांगू शकतो की या मार्गावर दीडशेहून अधिक वर्षांत जे काही बदलले, ते या चढाशी जुळवून घेण्यासाठी बदलले. चढ मात्र तसाच राहिला.

आधी नावाविषयी. इंग्रजी कागदपत्रांत ‘भोर’ असे लिहिले गेल्यामुळे अनेकांना हा घाट पुणे जिल्ह्यातील भोर गावाजवळ असावा असे वाटते. त्या भोरशी याचा संबंध नाही. हा खंडाळ्याचा बोरघाट. कोकणातून देशावर जाणारी ही वाट फार जुनी आहे. तिच्यावरून चाकांची वाहने नीट जाऊ शकतील असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, 1830 मध्ये खुला झाला. रेल्वे येण्याआधी दख्खनचा कापूस मुंबई बंदरात पोहोचायचा तो याच वाटेने, बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून, आणि पावसाळ्यात ही वाहतूक जवळजवळ थांबत असे. लोहमार्गाची निकड निर्माण झाली ती मुख्यतः या कापसामुळे. प्रवाशांचा विचार त्यानंतरचा.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, आणि 1854 मध्ये मार्ग कल्याणला पोहोचला. तेथून पुढे सह्याद्री कोठे ओलांडायचा हा खरा प्रश्न होता. सुरुवातीच्या कल्पनांत माळशेज घाटाचे नाव पुढे होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कले यांनी पाहणी केल्यावर माळशेज बाजूला पडला आणि एका घाटाऐवजी दोन घाट निवडले गेले: ईशान्येकडे नाशिक, खानदेश आणि वऱ्हाडासाठी थळघाट, आग्नेयेकडे पुणे, सोलापूर आणि पुढे मद्रासच्या दिशेसाठी बोरघाट. माझ्या मते या मार्गाच्या इतिहासातील हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय होता. एकाच घाटावर दोन्ही दिशांचा भार टाकला असता तर मुंबईची वाहतूक फार लवकर कोंडली असती.

आता खोपोलीकडे येतो. कल्याणहून निघालेला मार्ग मे 1856 मध्ये घाटाच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे खोपोलीपर्यंत आला, आणि वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा भाग जून 1858 मध्ये सुरू झाला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे मुंबई–पुणे प्रवासात मध्ये एक खंड होता. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून माल्कमच्या रस्त्याने घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. रस्त्याला हे शक्य होते, कारण बैल किंवा माणूस जो चढ चढू शकतो तो लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक चढू शकत नाही. खोपोली ते खंडाळा हे सरळ अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर आणि उंचीतील फरक पाचशे मीटरच्या आसपास आहे. तेथून थेट मार्ग नेला असता तर चढ दहा-बाराला 1 इतका झाला असता आणि इंजिनाची चाके जागीच फिरत राहिली असती. चढ सौम्य करायचा असेल तर मार्गाची लांबी वाढवावी लागते, आणि लांबी हवी असेल तर चढणे बरेच आधीपासून सुरू करावे लागते. म्हणून घाटाचा मार्ग खोपोलीच्या अलीकडे, पळसदरीजवळ फुटतो, उल्हास नदीच्या खोऱ्याच्या कडेने डोंगराला बिलगून हळूहळू उंची घेत खंडाळ्याला पोहोचतो, आणि पायथ्याचे अंतिम स्थानक असलेली खोपोली एका शाखेचे टोक बनून मागे राहते. आज लोकलने खोपोलीला जाताना आपण ज्या रुळांवरून जातो, तो मुंबई–पुणे मार्गाचा 1856 मधील मूळ शेवट आहे.

बर्कले यांनी आखलेल्या चढणीची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, म्हणजे 25 किलोमीटरच्या थोडी वर, आणि एकूण चढ 1,831 फूट, म्हणजे साधारण 558 मीटर. सरासरी काढली तर 46 ला 1. काही पट्ट्यांत मात्र 37 ला 1, आणि तेही वळणांवर, ज्यांतील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या 15 साखळ्या, म्हणजे सुमारे 300 मीटर होती. वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि तेथे अधिक ओढ लागते, त्यामुळे नकाशावर 37 ला 1 दिसणारा चढ वळणात त्याहून जड लागतो. या लांबीत 25 बोगदे आणि 8 मोठे कमानी पूल बांधावे लागले, शिवाय लहान पूल आणि मोऱ्या कितीतरी. बोगद्यांची एकूण लांबी सव्वादोन मैलांच्या घरात जाते.

हे काम कसे झाले याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आज खिडकीतून धबधबे पाहताना त्याची कल्पना येत नाही. काम 1856 च्या आरंभी सुरू झाले. सह्याद्रीचा बेसॉल्ट अत्यंत कठीण, डायनामाइट अजून जन्माला यायचे होते. हातोडा आणि पहार यांनी भोक पाडायचे, त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा, हीच पद्धत होती. लांब बोगद्यात एरवी वरून मधोमध विहिरीसारखा कूपक खणतात, म्हणजे एकाच वेळी चार तोंडांवर काम करता येते. येथे डोंगराचे कडे इतके उभे की ती सोय जवळजवळ नव्हती. बोगदा दोन्ही टोकांकडूनच पुढे न्यावा लागे. काही ठिकाणी तर पहिले पाऊल टेकवायलाही जागा नसल्यामुळे माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडून खडकात खोबणी करून घ्याव्या लागल्या. कामाची मुख्य मुदत पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतची. पाऊस सुरू झाला की उघड्यावरचे काम थांबे आणि माणसे गावी परतत. दर हंगामाला हजारो मजूर नव्याने जमवावे लागत.

1861 च्या सुमारास या चढणीवर 40,000 हून अधिक माणसे काम करत होती. त्यांत पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही होती, कारण कुटुंबेच्या कुटुंबे कामावर येत. पुरुष खडक फोडत आणि बायका पाट्या वाहत. पाण्याची सोय नाही, निवारा म्हणजे गवती झोपड्या, आणि अशा वस्तीत पटकी शिरली की काय होत असेल ते सांगायला नको. तापाने, पटकीने आणि अपघाताने मेलेल्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. या माणसांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव लिहून ठेवलेले नाही, याची खंत मला नोकरीत असतानाही वाटे आणि आजही वाटते. जुन्या बोगद्याच्या भिंतीवर छिन्नीच्या खुणा आजही हाताला लागतात. माझ्या गँगमधील नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी त्या खुणांवरून हात फिरवायला सांगत असे.

कंत्राटाचा इतिहासही सरळ नाही. पहिले कंत्राटदार विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल यांनी मुंबई–ठाणे मार्गाच्या बांधकामात भाग घेतला होता. घाटात मात्र मजुरीच्या देण्यावरून असंतोष वाढत गेला आणि जानेवारी 1859 मध्ये मजुरांनी उठाव केला, युरोपीय देखरेखदारांवर हल्ले झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. मजुरीच्या तंट्यांचा निवाडा दंडाधिकाऱ्यांनी करावा असा कायदा 1860 मध्ये झाला, तो अशाच घटनांच्या पार्श्वभूमीवर. मध्यंतरी कंपनीच्या अभियंत्यांनी काम चालू ठेवले, आणि 1859 च्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल नावाचे नवे कंत्राटदार इंग्लंडहून आले. पण येऊन काही आठवडेही झाले नाहीत तोच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट परत न करता स्वतः चालवायचे ठरवले, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांकडे प्रत्यक्ष काम सोपवले आणि ते तडीस नेले. त्या काळात एका विधवेने एवढ्या धोक्याच्या कामाची जबाबदारी अंगावर घेणे ही लहान गोष्ट नव्हती. 1863 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते चढणीचे उद्घाटन झाले. बर्कले यांना ते पाहता आले नाही. प्रकृती ढासळल्यामुळे ते इंग्लंडला परतले होते आणि 1862 मध्ये वारले.

घाटातील लोक शिंग्रोबाची कथा सांगतात: वाट सापडेना तेव्हा एका धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि वाहनचालक तेथे आजही थांबून नमस्कार करतात. ही लोककथा आहे, तिला मी इतिहास म्हणणार नाही. पण डोंगरात मोजणी करणाऱ्या कोणत्याही अभियंत्याला पाण्याच्या वाटा, कोसळणारे कडे आणि गुरे जाण्याच्या पायवाटा तेथल्या माणसाकडूनच कळतात, हे मी स्वतःच्या कामात वारंवार अनुभवले आहे, आणि म्हणून ती कथा मला मोलाची वाटते.

आता रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या एका अरुंद सोंडेपाशी मार्गाला जवळजवळ उलट दिशेने वळायला हवे होते, आणि 300 मीटर त्रिज्येचे वळण बसेल एवढी जागा तेथे नव्हती. बर्कले यांनी तेथे वळणाऐवजी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रचना केली. गाडी एका बाजूने येऊन सोंडेवरील सपाट जागेत थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाऊन लागे, आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढू लागे. त्या काळच्या साधनांत हा उपाय चतुर होता, पण त्याची किंमत मोठी होती. प्रत्येक गाडीचा वेळ जात असे, आणि गाडीची लांबी त्या सपाट जागेत मावेल एवढीच ठेवावी लागे. उतरणाऱ्या गाडीसाठी तर ती जागा म्हणजे उताराच्या शेवटी असलेला बंद रस्ता. ब्रेकने दगा दिला तर पुढे दरीच. वाहतूक वाढत गेली तसतशी ही जागा संपूर्ण मार्गाची बाटलीची मान बनली. शेवटी विद्युतीकरणाच्या वेळी नवे बोगदे खणून मार्ग बदलण्यात आला आणि 1929 मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. त्या परिसरातील जुना दगडी पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, एप्रिल 2020 मध्ये द्रुतगती मार्गासाठी पाडला गेला.

बांधकामातील उणिवाही बोलून दाखवायला हव्यात. घाटातील एक मोठा कमानी पूल उद्घाटनानंतर चारच वर्षांनी, जुलै 1867 मध्ये कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आत हलक्या चुन्यात भरलेले अनघड दगड, अशा दगडकामाने सह्याद्रीच्या पावसापुढे टिकाव धरला नाही. पूल पुन्हा बांधला गेला, आणि दगडकामाची गुणवत्ता तपासण्याबाबत कंपनीला मोठा धडा मिळाला.

बँकर का लागतात हे साध्या हिशोबाने समजते. 1,200 टनांची गाडी घ्या. सपाटीवर ती हळू चालत ठेवायला पाच-सहा टनांची ओढ पुरते. 37 ला 1 या चढावर गाडीच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे आणखी 32 टन, तिला मागे खेचत असतो. एवढी ओढ देणारे इंजिन एकच लावले तरी ओल्या रुळावर त्याची चाके घसरतात. दोन-तीन इंजिने पुढेच जोडली तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, येतो आणि ते तुटण्याचा धोका राहतो. मागून ढकलले की ताण वाटला जातो, आणि समजा गाडी मधेच तुटली तरी मागचा भाग दरीकडे पळत सुटत नाही, कारण त्याच्या मागे इंजिन उभे असते. त्यामुळे इंजिन कितीही मोठे झाले तरी बँकरचे दुसरे काम, म्हणजे मागची राखण, उरतेच. येथे एक गमतीची परिभाषा सांगतो, जी नवख्याला हमखास गोंधळात टाकते: आमच्याकडे मुंबईपासून दूर जाणारी ती ‘डाउन’ गाडी, त्यामुळे बोरघाटात डाउन गाडी चढते आणि अप गाडी उतरते.

आणि घाटात खरी काळजी उतरणाऱ्या गाडीचीच असते. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते, एवढेच. उतरताना तीच 1,200 टनांची गाडी लोणावळा ते कर्जत साधारण 560 मीटर खाली येते, आणि त्या उतरण्यातून सुमारे 1,800 युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकने खाऊन टाकायची असते. बिडाच्या ब्रेक ब्लॉकच्या काळात कर्जतला अप गाडी उभी राहिली की तापलेल्या लोखंडाचा वास फलाटभर पसरत असे. वाफेच्या सुरुवातीच्या काळात घाटासाठी जी खास इंजिने बनवली गेली, त्यांत पाण्याची टाकी बॉयलरवरच बसवलेली असे, म्हणजे तिचे वजन चाकांवर पडून पकड वाढे, आणि थेट रुळावर दाबले जाणारे घसरपट्टीसारखे ब्रेकही त्यांना होते. त्याशिवाय कॅच सायडिंग. उताराच्या ठरावीक ठिकाणी सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोड, मुळातच डोंगराच्या चढाकडे जाणाऱ्या आडरुळाला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे, थांबू शकते, हे तिने थांबून सिद्ध केल्यावरच सांधा मुख्य मार्गाला फिरवला जातो. सुटलेली गाडी आपोआप आडरुळावर जाऊन चढावर तिचा वेग मरतो. मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला गाडी विनाकारण थांबली असे प्रवाशांना वाटते, तेव्हा बहुतेक वेळा हीच परीक्षा चालू असते.

कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण 1929 मध्ये 1,500 व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले, आणि त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजगृह उभारले. घाटासाठी आलेली लांब नाकाडांची, मध्ये सांध्यासारखी वाकणारी मालवाहू इंजिने स्वित्झर्लंडच्या धर्तीची होती, आणि चालकांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव दिले. त्यांचा मोठा गुण म्हणजे उतरताना त्यांच्या मोटारी जनित्रासारख्या फिरत आणि वीज परत तारेत जाई. खाली येणारी गाडी वर जाणाऱ्या गाडीला हातभार लावी. याच डोंगराच्या उंचीवरून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खाली सोडून टाटांनी खोपोलीला 1915 पासून वीज निर्माण केली होती, हे लक्षात घेतले तर जी उंची बर्कले यांना अडथळा होती तीच पुढे दोन वेगळ्या प्रकारे उपयोगी पडली असे दिसते. 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी धावू लागली, ती या विद्युतीकरणामुळे आणि रिव्हर्सिंग स्टेशन गेल्यामुळेच. त्या दोन गोष्टींशिवाय तिचा वेग शक्य नव्हता. पुढे घाटात तिसरा मार्ग झाला आणि एकविसाव्या शतकात एकदिश प्रवाहाच्या जागी 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आला. तो बदल महत्त्वाचा असला तरी मार्गाच्या आखणीला त्याने स्पर्श केला नाही.

पावसाळ्याचे सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. खंडाळा-लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. बेसॉल्टच्या भेगांत पाणी शिरते, मुरमाचे थर सैल होतात आणि दगड सुटतात. म्हणून पावसाळ्याआधी कड्यांवर चढून सैल दगड शोधायचे, त्यांवर खूण करायची, आणि वाहतूक थांबवून ते मुद्दाम पाडायचे, हे काम दरवर्षी होते. पावसात रात्रभर गस्त असते. हातात दिवा, खिशात धोक्याच्या वेळी रुळावर ठेवून चालकाला सावध करायचे फटाके, आणि धुक्यात पाच मीटरपलीकडचे दिसत नाही. दरड पडली तर आवाज आधी ऐकू येतो, आणि तो बोगद्यातून येणाऱ्या गाडीच्या आवाजाहून वेगळा ओळखायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. 2019 च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या पट्ट्यात मार्गाचे मोठे नुकसान झाले आणि दुरुस्तीसाठी अनेक गाड्या दीर्घकाळ रद्द ठेवाव्या लागल्या, तेव्हा नव्या पिढीला कळले की हा डोंगर अजून स्थिरावलेला नाही.

पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा पळसदरी ओलांडताना उजवीकडे पाहा. खोपोलीचे रूळ खाली सपाटीवर राहतात आणि आपली गाडी डावीकडे सरकत उंच होऊ लागते. मुंबईच्या दिशेने परतताना मंकी हिलला गाडी थांबली तर उतरू नका, पण खिडकीतून पुढच्या सांध्याकडे नजर टाका. डोंगरात वर जाऊन गवतात संपणारा एक आडरूळ तेथे दिसेल.